आधी त्या मुलाला नकार कळव

"ताई, सलाम. मी अठ्ठावीस वर्षांची, मूळची अहिल्यानगरची, पुण्यात एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. पप्पा मंडळीच्या कमिटीत आहेत, मम्मी महिला मंडळ चालवते, मी शाळेत असल्यापासून गायनवृंदात गाते. माझं एका मुलीवर प्रेम आहे. ती माझ्याच हॉस्पिटलात आहे, साताऱ्याकडची, हिंदू घरातली. आम्ही एकत्र राहतो. घरी 'रूममेट' एवढंच माहीत आहे.

आता श्रीरामपूरहून स्थळ आलंय. मुलगा शिक्षक आहे, आमच्या पाळकसाहेबांचा भाचा. नाताळाआधी साखरपुडा उरकायचं चाललंय. मी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. मावशीला संशय आलाय. ती म्हणते हे दुष्ट आत्म्याचं काम आहे, एका ब्रदरकडे उपवास-प्रार्थनेला चल, सुटका होईल. चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटतात, ते प्रभुभोजन घेणं मी थांबवलंय. ताट पुढे आलं की शेजारणीकडे सरकवते. मम्मीने ते पाहिलं, पण बोलली काहीच नाही. मला प्रभूलाही सोडता येत नाही आणि तिलाही. कधी वाटतं, लग्न करून टाकावं, सगळे तरी सुखी होतील. शिवाय आईबापांचा मान राखायची आज्ञा आहेच. मी काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात बरेच प्रश्न एकमेकांत अडकलेत. त्यातले बहुतेक वर्षभर थांबू शकतात, पण साखरपुडा थांबणार नाही. म्हणून आधी त्याचं बोलू.

हे लग्न करू नकोस. तू ख्रिस्ती आहेस म्हणूनच करू नकोस. आपल्याकडे लग्न ठरलं की त्याची घोषणा मंडळीत होते, कोणाला हरकत असेल तर सांगा असं विचारलं जातं. लग्नाच्या दिवशी पाळकसाहेब पुन्हा तेच विचारतात, आणि मग देवाला साक्षी ठेवून तू त्या मुलाला मरेपर्यंतचं वचन देणार. ते वचन पाळता येणार नाही हे तुला आज माहीत आहे. त्या शिक्षकाला मात्र काहीच माहीत नाही. त्याने तुझं काय वाकडं केलंय? तो घरी आनंदात असेल, त्याची आई दागिने बघत असेल. पुढे कित्येक वर्षं तो स्वतःलाच विचारत राहील की आपल्यात काय कमी आहे. 'सगळे सुखी होतील' असं तू लिहिलंस, त्या सगळ्यांत हा मुलगा आहे का, ते बघ. आणि तुझी मैत्रीण?

व्यवहाराचीही बाजू आहे. ख्रिस्ती लग्न १८७२ च्या कायद्याने होतं आणि मोडतं १८६९ च्या घटस्फोट कायद्याने. दोघांच्या संमतीने वेगळं व्हायची सोय त्यात २००१ मध्ये आली, तीही दोन वर्षं वेगळं राहिल्यानंतर. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही मुदत एक वर्षावर आणली, पण कायद्याच्या पुस्तकात अजून दोन वर्षंच छापलेली आहेत. म्हणजे आत शिरणं सोपं, बाहेर पडणं महाग, आणि तो खर्च एका निरपराध माणसालाही पडणार. तेव्हा नकार या आठवड्यात कळव. कारण सांगायची सक्ती नाही. पप्पांना फोनवर इतकंच म्हण: "पप्पा, हे स्थळ मला करायचं नाही. मुलगा चांगला आहे, त्याच्यात काही खोट नाही. त्यांना लवकर कळवा, ताटकळत ठेवू नका." दुसरं स्थळ आणलं तरी हेच वाक्य. तुझ्या गप्प बसण्याला घरात होकार समजलं जातंय, हे तुला पत्र लिहितानाच जाणवलं असणार.

आता प्रभुभोजनाचं. मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

ताट सरकवताना तुझ्या मनात बायबलमधल्या प्रेषित पौलाचं ते वचन असणार, करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या अकराव्या अध्यायातलं: जो अयोग्य प्रकारे खातो-पितो तो दोषी ठरतो. आपल्याला ते लहानपणापासून भीती घालायलाच ऐकवलं जातं. पण तो अध्याय सतराव्या वचनापासून सलग वाच. पौल कोणावर चिडलाय? करिंथच्या मंडळीत खाऊन-पिऊन सुखी असलेले लोक आधी येऊन भोजन उरकत होते, आणि गरीब उपाशी राहत होते. 'ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय?' असं तो त्यांना विचारतो. अयोग्य खाणं म्हणजे दुसऱ्याला पंगतीबाहेर ठेवून खाणं. आत्मपरीक्षण कर असं सांगून पौल पुढे 'मग खाऊ नकोस' म्हणत नाही, 'मग खा' म्हणतो. मंडळीतल्या कोणीही तुला उठवलेलं नसताना तू स्वतःच उठून बाहेर बसली आहेस. पुढच्या खेपेला घे. त्यासाठी आधी सगळे प्रश्न सुटायला हवेत असं नाही.

समलिंगी प्रेमाविरुद्ध ऐकवली जाणारी दुसरी वचनं तुला पाठ असतीलच, नसतील तर मावशी ऐकवेल. तिने ऐकवण्याआधी तू ती नीट वाचलेली असावीस, म्हणून थोडं लिहिते. सदोमाची गोष्ट उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. घरी आलेल्या पाहुण्यांवर जमावाने बलात्कार करायला धावणं, हा तिचा विषय. दोन माणसांच्या प्रेमाचा त्यात मागमूस नाही. सदोमाचं पाप कोणतं ते यहेज्केल संदेष्टा त्याच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात स्वतः सांगतो: गर्व, भरल्या पोटाची सुस्ती, आणि गरिबाला हात न देणं. पुरुषाने पुरुषाशी संग करू नये ही लेवीय अठरामधली आज्ञा पुरुषांना उद्देशून आहे. त्याच्याच पुढच्या अध्यायात दोन जातींच्या धाग्यांचं कापड वापरू नका असंही आहे, आणि आपल्या महिला मंडळातल्या टेरिकॉटच्या साड्यांवर कोणी कधी प्रवचन दिलेलं नाही. स्त्रियांचा उल्लेख येतो तो एकाच ठिकाणी, रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात. तिथे पौल देवाला सोडून मूर्तींच्या मागे गेलेल्या, वासनेने पेटलेल्या लोकांचं वर्णन करतोय. तू त्यात स्वतःला ओळखतेस का? मला पत्र लिहिणारी मुलगी तर प्रभूला सोडता येत नाही म्हणून रडतेय. आणि पौल त्या वर्णनापाशी थांबतही नाही. पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत तो वाचणाऱ्यावर वळतो: दुसऱ्याला दोष देणाऱ्या माणसा, तुला सबब राहिलेली नाही.

हे वाचूनही पुष्कळ प्रामाणिक ख्रिस्ती माणसं 'तरीही हे पापच' म्हणतात. तुमचे पाळकसाहेब कदाचित त्यांच्यातले असतील. त्यांना दुष्ट ठरवू नकोस. पण मंडळी एखादं वचन जसंच्या तसं लागू करते आणि एखाद्याचा संदर्भ बघते, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडतंय. स्त्रियांनी मंडळीत गप्प बसावं असं पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्याच चौदाव्या अध्यायात लिहिलंय. तरी तुझी मम्मी महिला रविवारी व्यासपीठावरून प्रार्थना चालवते, आणि दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये एका स्त्रीला बिशप केलं. त्यामुळे कोणी बायबल सोडलं असं झालं नाही.

मला स्वतःला यशयाचा छप्पन्नावा अध्याय फार जवळचा आहे. मोशेच्या नियमशास्त्राने षंढांना परमेश्वराच्या मंडळीत यायला मनाई केली होती. यशयामध्ये परमेश्वर त्यांनाच सांगतो की 'मी वाळलेलं झाड आहे' असं म्हणू नका, मी माझ्या घरात तुम्हाला मुलामुलींहून चांगलं नाव देईन. 'वंश बुडेल', 'नाव कोण चालवणार' असं ज्यांना ऐकवलं जातं त्यांच्यासाठी याहून मोठं वचन मला तरी माहीत नाही. पुढे प्रेषितांच्या कृत्यांत, आठव्या अध्यायात, एक कूशी, म्हणजे आफ्रिकेतला, षंढ रथात बसून यशयाचंच पुस्तक वाचताना भेटतो. रस्त्याच्या कडेला पाणी दिसतं. तो विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? त्याला येशूची गोष्ट सांगणारा फिलिप्प त्याला अडवत नाही, त्याच्याबरोबर पाण्यात उतरतो.

श्रद्धा ठेवायची म्हणजे पाळकांच्या प्रत्येक मताला मान डोलवायची, असं आपल्या थोरांनीही मानलं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या ज्या सिस्टर्सनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच त्या पुढे पत्रांतून वाद घालत राहिल्या. आपल्या देशातल्या पुरोहितांचं जोखड नुकतंच उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं तसलंच जोखड मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. त्याच रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. सद्सद्विवेक आणि भक्ती त्यांच्यात एकत्र नांदली.

मावशीच्या ब्रदरकडे मात्र जाऊ नकोस. एकदाही नको, तिचं मन राखायला तर मुळीच नको. तू नर्स आहेस, तुला हे ठाऊक असेल: समलैंगिकता हा आजार नाही असं भारतीय मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केलं, आणि ती 'बरी करण्याचे' उपचार हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सगळ्या राज्यांच्या परिषदांना कळवलं. ब्रदर डॉक्टर नाही, म्हणून हा नियम त्याला लागू होत नाही. पण उपाशी ठेवून, डोक्यावर हात दाबून, दहा लोकांच्या गराड्यात एखाद्या मुलीला कबुली द्यायला लावलं की तिच्या मनाचं काय होतं, ते त्याने कुठेही केलं तरी तेच होतं. अमेरिकेत एक्झोडस इंटरनॅशनल ही ख्रिस्ती संस्था १९७६ पासून हेच 'बदल घडवण्याचं' काम करत होती. २०१३ मध्ये तिच्या अध्यक्षांनी लोकांची माफी मागितली आणि संस्था बंद केली. मावशीला म्हण: "मावशी, माझ्यासाठी प्रार्थना कर, पण तुझ्या घरी बसून कर. मी येणार नाही."

आता मम्मी-पप्पा.

मान राखायच्या आज्ञेबद्दल तू विचारलंस. ज्यांचा मान राखायचा त्यांना आयुष्यभर खोट्यात ठेवणं हा मान नाही, एवढंच मी म्हणेन. खरं कधी सांगायचं ते मात्र तू ठरव. आणि ते तुझ्या पायावर, तुझ्या पुण्याच्या खोलीत उभी राहून. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मार्कशीट, आधार, बँकेचं पासबुक, सगळं नगरच्या कपाटात असेल तर आधी घेऊन ये. नाताळात सांगू नकोस, सगळा गोतावळा घरात असताना तर नकोच. आधी एकाला सांग. माझा अंदाज मम्मीवर आहे. जिने ताट सरकवताना पाहिलं आणि बोलली नाही, तिला काहीतरी कळलंय आणि ती घाबरलीय. तिला पुण्याला दोन दिवस बोलाव. स्वयंपाक करताना, भाजी निवडताना सांग, समोरासमोर बसून डोळ्यांत बघत नको. "मम्मी, मी लग्न का करत नाही ते तुला सांगायचंय. मला मुलांबद्दल तसं वाटत नाही, कधीच वाटलं नाही. माझं प्रेम आहे ते हिच्यावर. मी प्रार्थना सोडलेली नाही, मंडळी सोडलेली नाही. तुझं काही चुकलेलं नाही." शेवटचं वाक्य विसरू नकोस, ती रात्रभर तेच उगाळत बसणार आहे. ती रडेल, कदाचित दोन महिने फोनवर फक्त "जेवलीस का" विचारेल. विचारत राहिली तर ते पुष्कळ आहे.

तुला आपल्याच माणसांची आठवण करून देते. तू ज्यांची पदं गातेस त्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत असून गेल्यासारखा, नातेवाईकांत तोंड दाखवायची सोय नाही. त्या लहान मुलाला घेऊन वर्षानुवर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या तेव्हाही सोवळंओवळं सांभाळूनच. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. त्या त्यांच्या गतीने, त्यांच्या विचाराने बदलल्या आणि शेवटी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. एकाच छपराखाली एवढा मोठा फरक घेऊन माणसं जगली, एकमेकांवर चिडत, प्रेम करत जगली. तुझ्या पणजोबांच्या घरीही असंच काही झालं असेल. त्यांनी पाणी घेतलं त्या दिवशी गावाने 'बाटला' म्हटलं असेल, भाऊबंदांनी पाठ फिरवली असेल. पप्पांना ही गोष्ट तोंडपाठ असेल आणि अभिमानाने ते ती सांगतही असतील. आज ना उद्या ती त्यांना तुझ्या बाजूने आठवेल, पण पहिल्याच दिवशी तू ती त्यांच्या तोंडावर मारू नकोस.

पप्पा म्हणतील, हे परदेशी खूळ आहे. तेव्हा भांडायला नको, पण तुला माहीत असू दे. ज्या अमेरिकन काँग्रिगेशनल मंडळ्यांनी १८३१ मध्ये नगरला मिशनरी पाठवले, त्यांच्यातल्या बहुतेक पुढे युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये सामील झाल्या. त्या चर्चने १९७२ मध्येच एका उघड समलिंगी माणसाला पाळकपदाची दीक्षा दिली, आणि २००५ मध्ये अशा जोडप्यांच्या विवाहाला पाठिंबा दिला. आणि घरचंच हवं असेल तर नागपूरला नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचं मुख्यालय आहे. आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तिचं सदस्य आहे. या विषयावर मंडळ्यांनी आणि सेमिनरींनी मोकळेपणाने बोलावं म्हणून ती परिषद बरीच वर्षं काम करतेय. याचा अर्थ उद्या तुमच्या चर्चमध्ये तुम्हा दोघींना आशीर्वाद मिळेल असा नाही. महाराष्ट्रातली कुठलीही मोठी मंडळी आज तसं लग्न लावणार नाही. कमिटीत हे कळलं तर पप्पांना खुर्ची सोडावी लागेल, तुला गायनवृंदातून थांबायला सांगतील, हेही शक्य आहे. म्हणून पाळकसाहेबांना सांगायची घाई करू नकोस. ते तुझे पाळक आहेत तसे त्या मुलाचे मामाही आहेत. आधी बोलायचंच असेल तर पुण्यातल्या एखाद्या दुसऱ्या, शांत डोक्याच्या पाळकांशी किंवा मठातल्या सिस्टरशी बोल. मन जडच झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर रात्रीही चालू असतो. पुण्यात समलिंगी लोकांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये सुरू झाला, आणि मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे, ज्यांची स्वतःची मुलं अशी आहेत. मम्मीला तुझ्यापेक्षा अशा एखाद्या आईचं बोलणं लवकर पटेल.

तुमच्या दोघींच्या एकत्र राहण्याला कायद्याची आडकाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान माणसांचं संमतीचं नातं गुन्ह्यातून बाहेर काढलं. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारला. कोणी तुला घरी डांबलं किंवा तिच्या घरच्यांनी तिला नेलं, तर मार्च २०२४ चा निकाल आहे: अशा प्रकरणात न्यायालयांनी मुलीचं म्हणणं एकांतात ऐकावं, समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवायला बघू नये. तुमच्या पोटाची दोरी एकाच हॉस्पिटलात बांधलेली आहे, म्हणून तिथल्या एका तरी वरिष्ठ सिस्टरला विश्वासात घ्या. जोडीने बँक खातं उघडता येतं आणि एकमेकींना नॉमिनी करता येतं, केंद्र सरकारने २०२४ मध्ये हे स्पष्ट केलंय.

तुझ्या पत्रात तुझी मैत्रीण फार थोडी आहे. तिच्या घरी काय माहीत आहे, तिला स्थळाबद्दल तू सांगितलंस का, रविवारी तू चर्चला जातेस तेव्हा तिला काय वाटतं, यातलं काहीच तू लिहिलं नाहीस. तिलाही सोसावं लागणार आहे. मम्मीला बोलवायच्या आधी तिच्याशी बस, कोणाला काय आणि किती सांगायचं ते दोघी मिळून ठरवा. मम्मी आली तर ती घरात असावी की नसावी, हेही तिलाच विचार.